डॉक्टर वॉर्डची काचपेटी

लंडन शहराच्या पूर्वेला, गोद्यांच्या अंगाला, वेलक्लोज स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चौकात नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा एक डॉक्टर राहत असे. बाप डॉक्टर, तोच धंदा मुलाने पुढे चालविलेला. रोगी बहुतेक गरीब; गोदीतले हमाल, खलाशी, त्यांची बायकापोरे. १७९१ चा त्याचा जन्म. लहानपणी त्याला समुद्रावर जायचे वेड होते, म्हणून तेराव्या वर्षी त्याला जमेकाच्या सफरीवर धाडून दिले. खलाशी होण्याची हौस त्या एका सफरीत फिटली. पण जमेकाच्या रानातले नेचे आणि माड पाहून जे दुसरे वेड लागले, ते मरेपर्यंत सुटले नाही.

घरामागच्या अंगणात त्याने दगडांची एक दरड रचली, वर भोके पाडलेली नळी बसविली, तीतून पाणी ठिबकत ठेवले आणि दरडीच्या खाचांत नेचे व शेवाळ लावले. आपल्याकडे जून महिन्यात कोणत्याही पडक्या भिंतीवर जे फुकट उगवते, ते या माणसाने कष्टाने लावले आणि ते जगेना. कारण धूर. कोळशावर चालणारे ते शहर. भोवताली कारखान्यांची धुराडी. काजळी पानांवर बसे आणि कोवळे नेचे काळवंडून मरून जात. वॉर्डने हात टेकले.

पुढे १८२९ साली एक गोष्ट घडली. वॉर्डला किड्यांचाही नाद होता. एका पतंगाचा कोश त्याने ओलसर मातीत पुरला, ती माती रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घातली आणि वर झाकण लावून ठेवले. पतंग बाहेर यायची तो वाट पाहत होता. रोज पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की दुपारच्या उन्हात मातीतली ओल वाफ होऊन वर चढते, काचेवर थेंब धरते आणि ते थेंब ओघळून पुन्हा मातीत जातात. माती कायम सारखीच ओली. आणि पतंग यायच्या आधी एक दिवस मातीच्या पृष्ठभागावर दोन हिरवे कोंब दिसले. एक नेच्याचा, एक गवताचा. अंगणात ज्याने जगायचे नाकारले होते, तोच नेचा बाटलीत आपण होऊन उगवला होता!

वॉर्डने ती बाटली आपल्या खोलीच्या खिडकीबाहेर, उत्तरेच्या बाजूला ठेवली. जवळजवळ चार वर्षे त्या दोन झाडांना त्याने पाण्याचा एक थेंब घातला नाही. गवताला एकदा फुलेही आली. शेवटी तो परगावी गेला असता झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि दोन्ही झाडे कुजून मेली. तहानेने नव्हे, पाण्याने मेली. काचेत झाडे ठेवणाराने हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. मॅकोनोची नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने वॉर्डच्या काही वर्षे आधी असाच प्रयोग केला होता. त्याची झाडेही जगली. पण त्याने ते वेळेवर छापून प्रसिद्ध केले नाही, आणि नाव राहिले ते वॉर्डचे.

आता कोणी म्हणेल, बाटलीत नेचा उगवला, त्यात इतिहास कसला? इतिहास असा, की त्या काळी जगात एक मोठी अडचण होती. युरोपातल्या राष्ट्रांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची झाडे हवी होती. बागेसाठी हवी होती, त्याहून अधिक पैशासाठी हवी होती. बी नेणे सोपे. पण कित्येक जातींचे बी महिन्या-दोन महिन्यांत निर्जीव होते. रोप न्यायचे तर पाच-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास. डेकवर ठेवले तर खारे तुषार आणि वारा, खाली ठेवले तर अंधार, आणि दोन्हीकडे गोड्या पाण्याचा दुष्काळ. मकावमध्ये लिव्हिंग्स्टन नावाचा एक इंग्रज शल्यवैद्य होता. त्याने १८१९ साली लिहिलेल्या पत्रात असा अंदाज दिला आहे की चीनहून इंग्लंडला सुखरूप पोचणाऱ्या एका रोपामागे हजार रोपे वाटेत मरतात.

‘बाउंटी’ या जहाजाची हकीगत पुष्कळांना ठाऊक असेल. बंडाची गोष्ट म्हणून ती सांगतात. ते जहाज कशाला निघाले होते, हे सहसा सांगत नाहीत. कॅप्टन ब्लाय ताहितीहून नीरफणसाची १,०१५ रोपे घेऊन वेस्ट इंडीजला निघाला होता. तेथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात जगविण्यासाठी हे फळ पाहिजे होते. जहाजातली सर्वांत मोठी आणि उजेडाची खोली माणसांकडून काढून रोपांना दिली होती. १७८९ च्या एप्रिलात खलाशांनी बंड केले, कप्तानाला एका होडीत बसवून समुद्रात सोडले आणि रोपे पाण्यात भिरकावली. बंडाची कारणे अनेक होती; पण ज्या जहाजावर खोली आणि पाणी यांत झाडाचा मान माणसाच्या आधी, त्या जहाजावरच्या माणसांचे मन कसे असेल ते समजायला इतिहासकार व्हावे लागत नाही.

वॉर्डच्या बाटलीने ही अडचण सोडविली. १८३३ च्या उन्हाळ्यात त्याने दोन पेट्या करविल्या. खाली लाकडी खोका, वर घराच्या छपरासारख्या उतरत्या काचा, फटी लांबीने बुजविलेल्या. त्यांत इंग्लंडातले नेचे आणि गवते लावली आणि कॅप्टन मॅलर्ड याच्या स्वाधीन करून त्या सिडनीला पाठविल्या. डेकवर उजेडात ठेवायच्या, उघडायच्या नाहीत, पाणी घालायचे नाही, एवढीच सूचना. जवळजवळ सहा महिन्यांनी पेट्या पोचल्या. दोन-तीन नेचे सोडले तर सारी झाडे जिवंत. १८३४ च्या फेब्रुवारीत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाची झाडे भरून परत धाडली. सिडनीला पेट्या भरल्या तेव्हा उष्णमान नव्वद ते शंभर अंश फॅरनहाइट. केप हॉर्नला वळसा घालताना वीस अंश आणि डेकवर फूटभर बर्फ. विषुववृत्तापाशी एकशेवीस अंश. आठ महिन्यांनी वॉर्ड आणि त्याचा मित्र लॉडिजेस बंदरात जाऊन पाहतात, तो आत टवटवीत नेचे! त्यांतली एक जात तर इंग्लंडच्या भूमीने त्याआधी कधी पाहिलीच नव्हती.

हा लॉडिजेस हॅकनीच्या प्रसिद्ध रोपवाटिकेचा मालक. परदेशाहून झाडे आणणे हाच त्याचा व्यापार. पूर्वी वीस रोपांतली एकोणीस मरत. या पेट्यांत वीसांतली एकोणीस जगतात, असा त्याचा अनुभव. वॉर्डने या पेटीची मक्तेदारी मिळविण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने १८४२ साली एक लहानसे पुस्तक लिहिले आणि जे ठाऊक होते ते सगळे सांगून टाकले.

त्या पुस्तकातला विचार फार सरळ आहे. झाडाला त्याच्या गावासारखे हवामान द्या, म्हणजे ते तुमच्या गावात राहील. कोणते झाड काचेत लावायचे, हा प्रश्न मुळात ते झाड रानात कोठे वाढते, हाच प्रश्न आहे. झऱ्याकाठी, सावलीत, दमट हवेत वाढणारे असेल तर काचेत सुखाने राहील. नेचे, शेवाळ, सेलाजिनेला ही त्या जातीची. किलार्नीचा नेचा म्हणून आयर्लंडातला एक नेचा आहे. त्याचे पान इतके पातळ की आरपार दिसावे. कोरड्या हवेचा वारा लागला की आकसून गेलेच. लॉडिजेससारख्या निष्णात माणसाला तो जगविता येईना. वॉर्डच्या काचेत तो वाढला.

आमच्या शाळेत विज्ञानाच्या कपाटाजवळच्या खिडकीत मी मुलांकडून दरवर्षी अशी एक बरणी करवून घेतो. लोणच्याची जुनी काचेची बरणी, तळाशी विटांचे बारीक तुकडे, त्यावर कोळशाचे चार खडे, वर पानांच्या कुजीची माती, आणि विहिरीच्या बांधकामात उगवणारा हंसराज. सोबतीला शेवाळाचा एक तुकडा. मुलांचा हात आवरणे हाच खरा व्याप. प्रत्येकाला वाटते, आपण थोडे पाणी घालावे. कोणी कौतुकाने बरणी उन्हात नेऊन ठेवतो आणि तासाभरात आतला हंसराज उकडून निघतो. कारण बंद काचेत उजेड पाहिजे, ऊन नको. एका मुलीने हट्टाने झेंडूचे रोप लावले, ते लांबडे होऊन माना टाकून बसले. उन्हावर जगणारी, फुलांची, भराभर वाढणारी झाडे तेथे चालत नाहीत. तुळसही लावू नये. एका बरणीत सारख्याच तहानेची झाडे असावीत. नाहीतर एकाला पुरते ते दुसऱ्याला बुडविते. पाणी जास्त की कमी, हे काच सांगते. सकाळी काचेवर दव आणि दुपारपर्यंत काच स्वच्छ, तर सारे ठीक. दिवसभर काच धुरकट राहिली तर झाकण एक दिवस काढून ठेवावे. पिवळे पान दिसले की चिमट्याने काढून टाकावे, नाहीतर बुरशी त्या पानावरून साऱ्या बरणीत पसरते. एवढे केले की महिनोन्‌महिने विसरून गेले तरी चालते. शहरांत आता कोणी कोणी बेडकांसाठी किंवा सरड्यांसाठी अशी मोठी काचघरे करतात, त्यांत पेरूच्या रानातला फिटोनिया असतो, पूर्व आशियातला चढता अंजीर असतो. नियम तेच आहेत.

आणखी एक समज वॉर्डलाच खोडून काढावा लागला. लोकांना वाटे, पेटी अगदी हवाबंद असते. तशी ती नसते. दिवसा तापली की आतली हवा फुगून फटींतून थोडी बाहेर जाते, रात्री थोडी आत येते. काजळी आणि खारट तुषार मात्र आत शिरत नाहीत. एवढेच तिचे रहस्य.

वॉर्डच्या पुस्तकात एक प्रकरण गरिबांविषयी आहे. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्या पुस्तकाविषयी बोलणारे बहुतेक जण नेमके तेच ओलांडून पुढे जातात. ज्यांच्या घरी तो रोज नाडी पाहायला जात असे, त्या अंधाऱ्या खोल्यांतल्या खिडकीत एकेक काचपेटी असावी, रानातून फुकट आणलेले नेचे तीत असावेत, असे त्याच्या मनात होते. काजळीपासून नेच्याला वाचविणारी हवा रोग्यालाही हितकर होईल, असाही त्याचा तर्क होता. पण काचेवर सरकारचा कर होता. तो १८४५ साली उठला. खिडक्यांवरही कर होता. तो १८५१ पर्यंत चालू होता. ज्या देशात घराला खिडकी ठेवण्याचे पैसे पडत, तेथे गरिबाने खिडकीत काचपेटी ठेवावी कशी?

काच स्वस्त झाली, आणि पेटी गेली ती दिवाणखान्यांत. नक्षीदार, लोखंडी पायांची, एखाद्या मंदिरासारखी. नेच्यांचे एक वेडच त्या देशाला लागले. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ साली त्या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. सुखवस्तू घरांतल्या मुली सुटीत टोपल्या घेऊन डोंगरांत जात, विक्रेते गाड्या भरभरून नेचे उपटून आणीत. किलार्नीचा तो पातळ पानांचा नेचा त्यामुळे कित्येक ठिकाणांहून नाहीसा झाला. ज्या पेटीत तो वाचला, त्या पेटीच्या हौसेनेच तो रानातून गेला. महाबळेश्वराला पूर्वी मुले चंदेरी नेच्याचे पान हातावर दाबून पांढरा ठसा उमटवीत आणि पाने विकायला बसत. तेव्हा मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आता ते पान पाहिले की आठवते.

पेटीची खरी कर्तबगारी मात्र जहाजांवर झाली. तेथे ती इतकी साधी दिसे की कोणाचे लक्ष जाऊ नये. नंतरच्या पेट्या सागवानी असत, उतरत्या काचांवर लाकडी पट्ट्या किंवा तारेची जाळी ठोकलेली.

रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १८४८ साली चीनमध्ये गेला. परकीयांना आतल्या मुलुखात जायची बंदी, म्हणून त्याने डोक्याचा पुढचा भाग तासला, मागे वेणी लावली आणि चिनी कपडे घालून चहाच्या डोंगरांत हिंडला. चहाचे बी फार दिवस टिकत नाही. नुसते पाठविलेले बी वाया गेले. तेव्हा त्याने एक युक्ती केली. काचपेट्यांत तुतीची रोपे लावली आणि त्यांच्या मधल्या मातीत चहाचे बी पेरले. प्रवासातच ते रुजले. कलकत्त्याला पेट्या उघडल्या तेव्हा कोंब दाट वर आलेले होते. बारा हजारांहून अधिक रोपे अशा रीतीने हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांना मिळाली. सोबत चहा तयार करणारे चिनी कारागीरही आणले. याला काही लोक धाडस म्हणतात. चीनचे लोक चोरी म्हणतात, आणि ते खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. मात्र आपण पितो तो सगळाच चहा फॉर्च्यूनचा, असेही नव्हे. आसामात चहाचे झाड मूळचेच होते. तेथले सिंगफो लोक ते वापरीत, आणि रॉबर्ट ब्रूसला त्याचा पत्ता १८२३ मध्ये लागला. चिनी जात रमली ती दार्जिलिंगच्या थंडीत.

इतर हकीगती थोडक्यात सांगतो. जॉन विल्यम्स या पाद्र्याने इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या काचघरातली केळीची रोपे पेटीतून पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर नेली. वाटेत मरता मरता एक जगले, आणि त्यापासून त्या बेटांवर कॅव्हेंडिश केळ पसरली. जळगावची बसराई त्याच घराण्यातली. ती पेटीतून आली असे मात्र मी म्हणत नाही. १८७६ साली ब्राझीलच्या रबराचे बी लंडनजवळच्या क्यू बागेत रुजविले गेले आणि त्याची १,९१९ रोपे ३८ पेट्यांत घालून सिलोनला धाडली. मलायाचे रबराचे मळे पुढे त्याच बियाण्यातून उभे राहिले आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला. १९२५ मध्ये तर पेटीतून झाडाच्या जोडीने झाडाचा शत्रूच गेला. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंग इतका माजला होता की कोट्यवधी एकर जमीन त्याने गिळली. अर्जेंटिनाहून एका पतंगाची अंडी निवडुंगासकट काचपेट्यांतून आणली, आणि त्या अळ्यांनी पुढल्या काही वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने फस्त केली.

राहिली सिंकोनाची गोष्ट. आणि तिच्यासाठीच मी हे सारे लिहायला बसलो.

माझी आजी हिवतापाला ‘पाळीचा ताप’ म्हणे आणि क्विनीनला ‘कोयनेल’. तिच्या लहानपणी पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळत. ते औषध इतके कडू, की पुढे जन्मभर कडू म्हणजे कोयनेल, असे तिच्या बोलण्यात होते. गावात दर पावसाळ्यानंतर माणसे तापाने कुडकुडत. ज्या घरी पुडी वेळेवर आली ते घर सुटे.

ते औषध सिंकोना झाडाच्या सालीतले. झाड अँडीज पर्वताचे. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या राष्ट्रांना ते आपल्या हातून जाऊ द्यायचे नव्हते. क्लेमेंट्स मार्कम हा इंग्रज अधिकारी १८६० मध्ये पेरूच्या जंगलांतून शेकडो रोपे उपटून घेऊन निघाला. इस्ले बंदरात ती काचपेट्यांत बसविली. वास्तविक तेथून पॅसिफिक ओलांडून सरळ हिंदुस्थानला यायचे. पण जहाज तसे मिळाले नाही. पेट्या पनामाला गेल्या, इंग्लंडला गेल्या, भूमध्य समुद्रातून इजिप्तला आल्या. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता, म्हणून आगगाडीने वाळवंट ओलांडून पुन्हा जहाजावर चढल्या. तांबड्या समुद्रात काचेखाली भट्टी झाली. ही झाडे डोंगराच्या थंड धुक्यातली! मुंबई, मग कालिकत, मग घाट चढून निलगिरी. उटकमंडच्या बागेत पोचली ती मरणपंथाला लागलेली. एकही जगले नाही. पेटीने केप हॉर्नचा बर्फ सोसला होता, पण झाडाचा स्वभाव ओळखल्याशिवाय नुसती काच काय करणार? वॉर्डने हेच तर लिहून ठेवले होते.

दुसऱ्या टोळीत रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस होते. त्यांनी चिंबोराझोच्या उतारांवरची लाल सालीची जात निवडली. क्रॉस स्वतः पेट्यांबरोबर राहिला, आणि १८६१ साली साडेचारशेहून अधिक रोपे त्याने उटकमंडला जिवंत पोचविली. विल्यम मॅकायव्हर तेथल्या बागेचा प्रमुख. त्याने फांद्या लावून लावून ती वाढविली. निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सरकारी मळे झाले. आपल्याकडे महाबळेश्वराजवळ लिंगमळ्याला सिंकोना लावून पाहिला. तेथला पाऊस त्याला मानवला नाही. १८९२ पासून बंगालात पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली. आजीची पुडी ती हीच.

पण सर्वांत चांगली जात पेटीतून आलीच नाही. बोलिव्हियात चार्ल्स लेजर नावाचा एक इंग्रज व्यापारी होता. त्याचा नोकर मान्युएल इन्क्रा मामानी. आयमारा जमातीचा हा माणूस सालीच्या धंद्यातला. कोणत्या झाडाची साल खरी, हे पाहून सांगणारा. मालकाने बी मागितले. मामानी त्या निवडक झाडांपाशी हंगामामागून हंगाम गेला. दरवर्षी एप्रिलचे हिव फुलोरा जाळी. चार वर्षे थांबून त्याने बी गोळा केले आणि १८६५ मध्ये ते हजार मैलांच्या वर चालत नेऊन लेजरला दिले. इंग्रज सरकारने ते घेतले नाही. डच सरकारने त्यातले पौंडभर शंभर गिल्डरना घेतले आणि जावात पेरले. त्या सालीत क्विनीन इतके निघाले की दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातले बहुतेक क्विनीन जावातूनच येई. १९४२ साली जपानने जावा घेतले तेव्हा साऱ्या जगाला कोयनेलचा दुष्काळ पडला.

मामानी पुन्हा बी आणायला गेला असता बोलिव्हियात पकडला गेला. बी कोणासाठी नेतोस, हे त्याने सांगावे म्हणून तुरुंगात त्याला मारले. त्याने सांगितले नाही. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. त्या झाडाचे शास्त्रीय नाव सिंकोना लेजेरियाना असे आहे.

वॉर्ड १८६८ मध्ये वारला. क्यू बागेला अशी शेवटची पेटी १९६२ साली फिजी बेटांवरून आली. विमाने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर तिचे काम उरले नव्हते. लंडनला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी पत्र लिहून त्या बागेत अशी पेटी पाहून यायला सांगितले. त्याने कळविले, की मातीचे डाग पडलेला साधा लाकडी खोका आहे, गुरुजी. आपल्या शाळेतल्या खडूच्या पेटाऱ्याएवढाही देखणा नाही.